नसलेल्या मुलासाठी आलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शाळेच्या संगणक खोलीत, दाराजवळच्या पहिल्या टेबलावर माझी जागा आहे. माझ्या की-बोर्डवरचा 'क' पुसून गेला आहे आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात पिवळट डाग पडला आहे. आता मला रोज कुणी चालू करत नाही. पण याच खोलीत एकदा असे काही घडले, की ते माझ्याइतके जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेले नाही. तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. हातमोजे घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्या तारा जोडल्या, दुसरीने स्क्रू पिळले, आणि शेवटच्या बाईने मला पहिल्यांदा चालू केले. माझा पडदा उजळला तशी ती जांभई देता देता हसली. मी जगात पाहिलेले पहिले तोंड ते. तिथपर्यंत सगळे सरळ होते.

तिथून मी एका विक्रेत्याच्या गोदामात गेलो. तिथल्या माणसाने माझ्या पोटात अभ्यासाचा एक प्रोग्राम भरला आणि त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी भरले. सोबतच्या माणसाला तो म्हणाला, की हे मागचे कुणाच्या नजरेस पडत नाही, त्याची काळजी नको. काय होते ते? मला कळले नाही. माझ्याच पोटात एक कप्पा, आणि त्याची किल्ली माझ्याकडे नाही. शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली. पण यंत्राची शंका कोण ऐकतो?

मी शाळेत कसा आलो, तेही सांगायला हवे. आमच्या शाळेतल्या मुलांचे आईवडील कुणी इस्त्रीच्या दुकानात, कुणी टेंपोवर, कुणी खानावळीत भांडी घासायला. हातातोंडाची गाठ पडायचीच मारामार. अशा घरांतली मुले ज्या शाळांत जास्त, त्या शाळांना यंत्रे घेण्यासाठी सरकारने व्हाउचर दिले होते. व्हाउचर म्हणजे रोख पैसे नव्हेत. त्यातून खडूची पेटीसुद्धा आणता येत नव्हती. मंजूर केलेल्या विक्रेत्यांपैकी एकाकडून संगणक आणि त्यांच्याबरोबरचे सामान घ्यायचे, आणि तेही मुदतीच्या आत. मुदत टळली, की त्या व्हाउचरची किंमत रद्दीइतकी.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या गणित शिकवत. उंच, कडक, आणि जात्याच संशयी. बसचे तिकीटसुद्धा त्या पुढून मागून वाचून मगच पर्समध्ये ठेवत. त्यांचे चुकत नव्हते म्हणा. आधीच्या एका योजनेत शाळेला मिळालेला प्रोजेक्टर आठवडाभरात आंधळा झाला होता आणि तो देणारा विक्रेता दुकानासकट गायब झाला होता. दुधाने तोंड पोळलेले माणूस ताकही फुंकून पिते.

मला खोक्यातून काढले, त्या दिवशी मोठ्या बाई माझ्याभोवती दोनदा फिरल्या. सोबत विक्रेत्याचा माणूस होता. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, बोलणे तुपात घोळलेले. पुढे शाळेत त्याचे नावच टायवाले पडले. संगणकांबरोबर कंपनीने अभ्यासाचा प्रोग्राम मोफत दिला आहे, असे तो पुन्हापुन्हा सांगत होता. प्रत्येक मुलाने आपले नाव आणि पालकांचा फोन नंबर एकदा टाकायचा, की धडे उघडले.

"फोन नंबर कशाला?" मोठ्या बाईंनी विचारले.

"मुलाला बक्षीस मिळालं तर घरी कळवायला नको का, मॅडम?"

"बक्षीस शाळेत मिळतं. घरी मूलच सांगतं."

टायवाले गोड हसले. म्हणाले, मोफत मिळते आहे तर घ्यावे, एवढी चिकित्सा कशाला. त्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "धर्माची गाय असली तरी मी दात मोजून घेते."

पण व्हाउचर विक्रेत्याला द्यायची मुदत दोन दिवसांवर आली होती. शिवाय संगणक शिकवणाऱ्या सरांनी त्यांची मनधरणी केली. हे सर तरुण होते, अंगाने किरकोळ, आवाज मऊ. "बटण हळू दाबा, त्यालाही लागतं," असे ते सारखे म्हणत, म्हणून मुलांनी त्यांना बटणसर करून टाकले होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की आपल्या मुलांनी आजवर संगणक फक्त बँकेच्या काचेपलीकडे पाहिला आहे. ही संधी गेली तर पुन्हा कधी येणार? मोठ्या बाईंनी शेवटी होकार दिला, पण तोंडावर नाराजी तशीच.

मित्रांनो, ती पहिली दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षे. सकाळी दार उघडले, की बटणसर मऊ फडक्याने माझा चेहरा पुसत. मग मुले येत. माझ्यापुढे एक किडकिडीत पोरगी बसे. तिचा आवाज असा टिपेचा, की सगळे तिला टिटवी म्हणत. तिची आई इस्त्रीच्या दुकानात काम करायची. आईचा नंबर टाकताना टिटवीने शेजारच्या मुलाला अभिमानाने सांगितले होते, की हा आमच्या घरचा स्वतःचा नंबर आहे, मालकिणीचा नाही. गणितात तिची एक खोड होती. अपूर्णांकांची बेरीज करताना ती वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवून मोकळी होई. बटणसर शेजारी स्टूल घेऊन बसत आणि चुकीवर कधी हसत नसत.

पाहुणे आले, की त्यांना माझ्यापुढे उभे करत. शिक्षण कार्यालयातले साहेब माझ्या पाठीवर थाप मारून गेले. मी फुगून जात असे. पण मुले निघून गेली आणि मला बंद करण्याची वेळ झाली, की माझ्या पोटातला तो बंद कप्पा जागा होई. हिरवा दिवा भराभर लुकलुके आणि माझ्यातून काहीतरी तारेवाटे बाहेर जाई. काय जाते, कुणाकडे जाते? खोलीत कुणी नसे, आणि असते तरी मी काय विचारणार होतो?

तिसऱ्या वर्षी पालकांना फोन येऊ लागले.

ते मला पालकसभेत कळले, कारण सभा आमच्याच खोलीत भरली होती. पहिल्यांदा टिटवीची आई उठली. दुकानात इस्त्री चालू असताना तिला एका बाईचा फोन आला होता. तुमची मुलगी अपूर्णांकांत कच्ची आहे, छेदात छेद मिळवते, आत्ताच लक्ष दिले नाही तर दहावीत गटांगळ्या खाईल, असे त्या बाईने सांगितले. आणि मग संध्याकाळच्या शिकवणी वर्गाचा पत्ता दिला. टिटवीच्या आईने घाबरून पहिला हप्ता भरूनही टाकला होता.

"तिला गणित येत नाही हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आईला माहीत नाही ते त्या बाईला कुठून माहीत?"

मग एक टेंपोवाला उठला, मग खानावळीतली एक मावशी. सगळ्यांना तसेच फोन. प्रत्येकाच्या मुलाची नेमकी दुखरी नस त्या बाईला ठाऊक. कुठेतरी पाणी मुरत होते. पण कुठे?

खोलीत कुजबुज सुरू झाली, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. यंत्रे घ्या म्हणून हट्ट कुणी धरला होता? बटणसरांनी. मुलांचे नंबर कुणाच्या डोळ्यांसमोर? बटणसरांच्या. टायवाल्यांबरोबर चहा कोण घेई? तेच. त्यांच्या खांद्यावरची पिशवीसुद्धा टायवाल्यांच्या कंपनीने दिलेली होती. आणि महिनाभरापासून बटणसर स्कूटरवरून येऊ लागले होते. टेंपोवाला म्हणाला, की त्याने काही कुणाचे नाव घेतलेले नाही, पण या पगारात स्कूटर येते कशी एवढेच त्याला जाणून घ्यायचे आहे. हे तो मोठ्या बाईंना विचारत होता. बटणसर हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांना कुणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई खोलीत आल्या. बटणसर माझा चेहरा पुसत होते.

"सर, चौकशी होईपर्यंत किल्ली माझ्याकडे राहू दे."

सरांनी फडक्याची घडी घातली. खोलीची किल्ली माझ्या की-बोर्डवर ठेवली आणि ते निघून गेले. मोठ्या बाईंनी ती उचलून पर्समध्ये टाकली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बटणसरांना खालच्या वर्गावर मुळाक्षरे गिरवून घ्यायला पाठवले. व्हरांड्यातून ते जाऊ लागले, की माझ्या उघड्या दारातून मला दिसे. मुले नमस्कार करायचे सोडून भिंतीवरचा तक्ता वाचू लागत. टिटवीसुद्धा. घरून तशी ताकीदच होती. मला मात्र आतल्या आत वाटे, की चोर सोडून संन्याशाला फाशी चालली आहे. पण मी बोलणार कशाने?

मोठ्या बाईंचे मन मात्र स्वस्थ नव्हते. हाडाच्या संशयी माणसाचे एक बरे असते, मित्रांनो. त्याला स्वतःच्या संशयाचाही संशय येतो. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्या एकट्या आल्या, दार लोटले आणि माझ्यापुढे बसल्या. मग त्यांनी एक नवीनच मुलगा दाखल केला. सहावीतला. असा मुलगा शाळेच्या पटावर नव्हता. त्याचे नाव त्यांनी तिथल्या तिथे रचले आणि पालकांचा नंबर म्हणून आपल्या नणंदेचा नंबर टाकला.

मग त्या मुलाच्या नावाने त्या धडे सोडवायला बसल्या, आणि तेही चुकीचे! आयुष्यभर गणित शिकवलेली बाई ती. 'अर्धा अधिक एक तृतीयांश' असा प्रश्न आला. पाच षष्ठांश हे उत्तर त्यांच्या बोटांत तयार होते. बोट बटणावर आले, थबकले, मागे गेले. "माफ कर रे बाबा," असे पुटपुटत त्यांनी दोन पंचमांश लिहिले आणि घाम पुसला. प्रोग्रामने पडद्यावर फुगे उडवले आणि 'पुन्हा प्रयत्न कर, तू हुशार आहेस!' असे लिहिले. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की मीच दचकलो.

आठवडाभर त्या रोज येत. त्यांचा हिशोब सरळ होता. किल्ली त्यांच्याकडे, प्रोग्राम फक्त याच खोलीतल्या यंत्रांवर उघडणारा, आणि या मुलाविषयी बटणसरांना काडीचीही कल्पना नाही. नणंदेला फोन आला, तर बातमी यंत्रातूनच फुटते आहे. आणि नाही आला, तर मग सरच.

फोन आला नाही. आणखी काही दिवस गेले, तरी नाही. मोठ्या बाईंचा चेहरा दगडी होत चालला. एकदा त्या माझ्यापुढे बसून स्वतःशीच म्हणाल्या, की सोमवारी संस्थेला सरांविषयी कळवून टाकावे आणि हा विषय मिटवावा. माझा पंखा घरघरला. त्यांना वाटले, बिघडला.

सोमवारी दुपारी दार धाडकन उघडले. मोठ्या बाईंची नणंद आत आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, जिना चढून धापा टाकणारी. भाजीची पिशवी तिने माझ्या शेजारीच आदळली.

"वहिनी, आपल्या भोपळ्याचा फोन आला."

त्या नसलेल्या मुलाला प्रत्येक परीक्षेत भोपळाच मिळणार होता, म्हणून तिने त्याचे नाव भोपळ्या ठेवले होते. तिला स्वतःला मूलबाळ नव्हते, पण फोनवर तिने आईची भूमिका झकास वठवली होती. आत्ता भाजी घेते आहे, थोड्या वेळाने करा, असे सांगून ती थेट शाळेत धावली होती. बोलता बोलता फोन वाजला. तिने तो सगळ्या खोलीला ऐकू येईल असा मोठा केला आणि माझ्या की-बोर्डवर ठेवला.

पलीकडचा आवाज मधाळ होता. ताई, तुमचा मुलगा हुशार आहे, पण अपूर्णांकांत मार खातो, असे तो सांगू लागला. नणंदबाईंनी काळजीच्या सुरात विचारले, की म्हणजे नेमके काय चुकते हो त्याचे?

"आता बघा ना, अर्धा अधिक एक तृतीयांश. तो दोन पंचमांश लिहितो. रोज तेच."

मोठ्या बाईंनी बटणसरांचे स्टूल पुढे ओढले आणि त्यावर बसल्या. फोन बंद झाला तरी उठल्या नाहीत.

"सापडला की चोर," नणंद म्हणाली. "मग तोंड असं का?"

"वन्सं, मी माझ्या माणसाची किल्ली काढून घेतली," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी टायवाल्यांना बोलावले. पालकही बोलावले आणि बटणसरांना आपल्या शेजारी बसवले. टायवाल्यांनी सगळे हसत हसत झटकले. आमच्या कंपनीतून एक अक्षर बाहेर जात नाही, म्हणाले. घरचा भेदी असतो कधीकधी, आपल्याच माणसांवर लक्ष ठेवावे, असे म्हणून त्यांनी सरांकडे ओझरते पाहिले. दोनचार पालकांनी माना डोलावल्या. बघा, किती सोपे असते!

मोठ्या बाईंनी मला चालू केले आणि त्या मुलाचे नाव पडद्यावर आणले. याच्या घरी फोन आला होता, तर हा कोण, असे त्यांनी टायवाल्यांना विचारले.

"असेल तुमच्या शाळेतला."

"शाळेत नाही. गावात नाही. जगात कुठेच नाही. मी या खोलीत एकटीने तो तयार केला, आणि सरांना आज या क्षणी कळतंय. तरी तुमची माणसं त्याच्या आईला फोन करतात."

टायवाल्यांचे हसू तसेच तोंडावर राहिले, पण डोळे दाराकडे गेले. आपण फक्त विक्रेत्याचे नोकर, वर विचारून सांगतो, असे म्हणून ते उठले. वरून कधीच उत्तर आले नाही. पुढे कार्यालयातून दोघे तपासनीस आले आणि माझ्या पोटातला तो बंद कप्पा त्यांनी उचकटला. मुलांची नावे, नंबर आणि प्रत्येक चूक तिथून त्या शिकवणी वर्गाकडे जात होती. तो वर्गही त्याच विक्रेत्याच्या भावाचा निघाला. विक्रेत्याचे नाव मंजूर यादीतून कापले गेले. मात्र काही महिन्यांनी शेजारच्या गावात वेगळ्या नावाने तसाच प्रोग्राम दिसला, असे टेंपोवाला सांगत आला होता. टिटवीच्या आईला भरलेला हप्ता अर्धाच परत मिळाला.

सभा संपल्यावर सगळे गेले. मोठ्या बाई आणि बटणसर दोघेच उरले. बाईंनी पर्समधून किल्ली काढून सरांपुढे धरली.

"मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

सरांनी ती लगेच घेतली नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, संशयाचं वाईट वाटलं नाही. मीही घेतला असता. पण तुम्ही एकदा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. स्कूटर मेव्हण्याची आहे. तो कामासाठी लांब गेलाय. उभी राहून गंजेल, म्हणून मला दिली."

 एवढ्या चौकस बाई त्या. एक नसलेला मुलगा त्यांनी तयार केला, त्याच्या नावाने आठवडाभर चुका केल्या, पण असलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायचे सुचले नव्हते.

किल्ली सरांनी घेतली, पण खोलीचे दार ते एकट्याने कधी उघडत नसत. कुणीतरी सोबत आले, की मगच. मुले पुन्हा नमस्कार करू लागली, जरा जास्तच वाकून. टिटवीने एकदा त्यांचे स्टूल आपल्या ओढणीने पुसले. सर हसत, पण पूर्वीसारखे शेजारी बसून राहत नसत. वर्ष संपले आणि ते दुसऱ्या शाळेत गेले. मोठ्या बाईंनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. त्यांनी एवढेच सांगितले, की इथे कुणी दोघे कुजबुजताना दिसले, की आपली पावले आपोआप मागे फिरतात.

त्यांच्यानंतर आमची निगा राखणारे कुणी उरले नाही. तासाला येईल तो शिक्षक आम्हाला चालू करी आणि तसाच सोडून जाई. बटणे दणादण बडवली जाऊ लागली. माझ्या पंख्यात धूळ बसली, शेजारच्या भावंडाचा माऊस हरवला, त्यापलीकडच्याच्या पोटात मुंग्यांनी घर केले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. परवा खोलीत बोलणे चालले होते, की शाळेला पुन्हा व्हाउचर मिळाले आहे. नवी यंत्रे येतील आणि मला बहुधा भंगारात देतील. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, जाण्याआधी तुमच्याकडे मागणे एवढेच. नवा संगणक येईल, त्याचा चेहरा मऊ फडक्याने पुसा, बटणे हळू दाबा. तो फुकट आला म्हणून त्याला हाकलू नका, आणि चकचकीत आहे म्हणून सगळे सांगूनही टाकू नका. आपले नाव, घरचा नंबर त्याच्या हवाली करण्याआधी मोठ्यांना विचारा, की हे जाते कुठे? त्यांना माहीत नसेल, तर त्यांना शोधायला लावा. शंका घेणे वाईट नाही. आपली शाळा शंकेनेच वाचली.

पण रोज समोर दिसणाऱ्या माणसाविषयी मनात काही आले, तर भिंतीवरचा तक्ता वाचू नका. त्याच्यापुढे जाऊन उभे राहा आणि विचारा. तो कदाचित रागावेल. रागावू द्या. रागावलेला माणूस निदान उत्तर तरी देतो. ज्याला कुणी विचारलेच नाही, त्याने ते उत्तर घेऊन जायचे कुठे?